जावईबापूंची गार खोली

सहादेवनं बटण दाबलं. मशीननं "हूं…" केलं, खोलीतला बल्ब मंद लाल झाला, आणि थोडा वेळ कण्हून मशीन "टक्" करून गप्प बसलं.

"झालं का चालू?" माजघरातून केशरबाईनं विचारलं.

"व्हतंय, व्हतंय."

"सकाळधरनं व्हतंयच! उद्या जावईबापू दारात हुबं ऱ्हातील, तवा बी असंच सांगा. म्हनावं, टेका जरा, व्हतंय."

सहादेवनं धोतराच्या सोग्यानं मानेवरचा घाम पुसला आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा हूं, पुन्हा टक्. मशीन म्हणजे गार हवेचं मशीन. त्याचं खरं इंग्रजी नाव कोल्हारच्या त्या मळ्यात एकाच्याही जिभेला झेपलं नव्हतं, म्हणून सगळे त्याला नुसतं मशीन म्हणत. नगरच्या एका डॉक्टरानं जुनं म्हणून काढून टाकलेलं ते मशीन सहादेवनं चांगल्या बैलजोडीच्या भावात उचललं होतं. पुढच्या खोलीची खिडकी फोडून ते तिथं बसवलं होतं, आणि बसवलं त्या दिवशी असं झकास चाललं होतं की त्यानं हौसेनं घोंगडी पांघरून बघितली होती. आज मात्र ते ढिम्म हलत नव्हतं.

हे सगळं लेकीपायी. चांगुणाच्या लग्नाला तिसरं वर्ष लागलं, पण माहेरपण म्हणावं असं पोरीला मिळालंच नव्हतं. जावई गोरक्षराव मुंबईला विम्याच्या कचेरीत कारकून. (ह्या गोष्टीत त्यांना एकट्यालाच अहो-जाहो मिळणार आहे, कारण ते जावई आहेत. बाकीच्यांनी मनाला लावून घेऊ नये.) दर खेपेला ते बायकोबरोबर यायचे, जेवायचे, रात्रभर घामोळं खाजवायचे आणि सकाळच्या एसटीनं बायकोला घेऊन परत जायचे. "इथं माणूस राहू शकत नाही, मामा. आमच्या साहेबाच्या केबिनला एअर कंडिशनर आहे. नुसतं दार उघडलं तरी काय गारवा येतो!" असं सांगताना त्यांचा गळा भरून यायचा. बायकोला मागं ठेवून एकटं जावं, तर खानावळीचं त्यांच्या पोटाला सोसत नव्हतं.

यंदा अधिक महिना पडला, आणि पडला तोही ऐन वैशाखात. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला पुरणाचे धोंडे आणि अनारसे करून वाढायचे, दिव्यानं ओवाळायचं, पाया पडायचं. सहादेवनं मनाशी मांडलं होतं, नारायण प्रसन्न झाला की वर देतो, मग हा का देणार नाही? त्याला गार ठेवायचं आणि एकच मागणं मागायचं, की लेकीला महिनाभर ठेवून जा. केशरबाईनं तर शेवया, कुरडया करायच्या मुद्दाम राखून ठेवल्या होत्या. लेक आली की दोघी मिळून घालू म्हणून. आता सगळं त्या मशीनच्या मर्जीवर होतं, आणि मशीन रुसलं होतं.

"नजर लागली त्याला," केशरबाईनं निकाल दिला. "परवा ती पलीकडल्या मळ्यातली गोजराबाई उंबऱ्यात हुबी ऱ्हाऊन कशी टक लावून बगत हुती!"

तिनं मीठ, मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या मशीनवरून ओवाळल्या आणि तिथंच, मशीनच्या नाकाखाली, शेगडीत टाकल्या. आता दृष्ट काढण्याचा कायदा असा, की मिरच्या जळूनही ठसका आला नाही तर नजर होती असं धरायचं. इथं तर नवराबायको दोघंही खोकत खोकत, एकमेकांच्या अंगावर पडत अंगणात आली. म्हणजे नजर नव्हतीच. फक्त पदरानं वारा घालता घालता शेगडीतली सगळी राख मशीनच्या जाळीत जाऊन बसली, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दोघं डोळे पुसत होती तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

"काय गं म्हशे! लोकांनी म्हनं मशीन आनलंय. त्ये बी बोलत न्हाई जनू त्यांच्यासंगं!"

हा सहादेवचा चुलतभाऊ बन्सी. त्याचा मळा शेजारी, विहीर सहादेवच्या खिडकीतून दिसेल अशी. चांगुणाच्या लग्नात भाऊबंदांना मानाचे फेटे बांधले, त्या गडबडीत बन्सीच्या डोक्यावर फेट्याऐवजी टोपी आली आणि हातात टॉवेल. तो टॉवेल त्यानं भर मांडवातून उठून जाऊन आपल्या म्हशीच्या पाठीवर टाकला, आणि तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. अगदीच नड पडली तर म्हशीला मधे घालून बोलायचं. म्हैस गरीब होती. दोघांचंही ऐकून घ्यायची.

"म्हशे, त्याला सांग, आमचं आमी बगून घिऊ," सहादेव म्हणाला.

"म्हशे, बगू दे की! पर आपली इहिरीवरची मोटार अशी हूं हूं करून पानी टाकत न्हाई, तवा आपुन काय करतो गं? पंपात पानी भरतो. हवा धरल्याली आसती तिनं. लईच ताठली तर जरा शेनकाला वततो. का न्हाई?"

म्हशीनं शेपूट हलवली. सहादेवनं वरवर नाक मुरडलं, पण गोष्ट त्याला मनोमन पटली. आवाज तोच, कण्हणं तेच. पंपाला पाणी भरावं लागतं, मग ह्यानं काय घोडं मारलंय? बन्सीची पाठ फिरल्याबरोबर त्यानं आत जाऊन मशीनच्या जाळीतून तांब्याभर पाणी ओतलं. पाण्यात कालवलेलं शेण घालायचंही त्याच्या मनात आलं होतं, पण इथला वारा जावयाच्या तोंडावर येणार म्हणून त्यानं विचार सोडला. मग देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

"फट्!"

भिंतीवरच्या बोर्डातून निळी ठिणगी उडाली आणि घरातली लाईट गेली.

"व्हतंय व्हय?" केशरबाईनं माजघरातून विचारलं.

ह्यावर उत्तर द्यायला सहादेव घरात थांबलाच नाही. त्यानं सायकल काढली आणि कोल्हारच्या स्टँडजवळून शांतवनला डबलसीट घेऊन आला. शांतवनचं जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. प्रवरेच्या त्या काठच्या झाडून सगळ्या विहिरींवरच्या मोटारी त्याच्या हाताखालून गेलेल्या, आणि त्याचा त्याला गर्वही होता. सायकलवर मागं बसल्या बसल्याच त्यानं निदान केलं.

"कंडेन्सर."

"आरं, आजून बगितलं न्हाईस तू!"

"बगायचं काय त्यात, आन्ना? जगातल्या निम्म्या वस्तू कंडेन्सरनं बंद पडत्यात."

"अन् ऱ्हायल्याल्या निम्म्या?"

"त्या मानसांनी हात लावल्यामुळं," शांतवन म्हणाला, आणि सहादेवनं पायडलवर जोर वाढवला.

शांतवननं आधी फ्यूज बांधला, मग मशीनचं तोंड उघडलं. आत ओलं बघून त्यानं सहादेवकडं पाहिलं, सहादेवनं आढ्याकडं पाहिलं. शांतवननं फडक्यानं पुसून घेतलं, आपल्या पिशवीतून विहिरीच्या मोटारीचा एक कंडेन्सर काढून आत बसवला आणि सगळं परत जोडलं. खाली सतरंजीवर थोडे स्क्रू उरले.

"हे कुठले?" केशरबाईनं विचारलं.

"जास्तीचे आसत्यात, वैनी. कंपनीवाले देतेत," असं म्हणून त्यानं ते सराईतपणे खिशात टाकले आणि बटण दाबलं. हूं… टक्.

"आता रं?"

"आता काय?" शांतवन जरासाही डगमगला नाही. "ह्याचा कंडेन्सर चांगला हुता, म्हंजे माझाच खराब निगाला."

केशरबाईचा धीर सुटला. ती तिथंच भिंतीला टेकून बसली आणि डोळ्याला पदर लावला. "माझ्या पोरीच्या नशिबात माहेर न्हाईच. परवा सकाळच्या गाडीनं जाईल ती, बगा तुमी." सहादेवनं शांतवनला चहा घ्यायला बसवलं.

चहा बशीत ओतला आणि लाईटच गेली. ह्या खेपेला घरातली नव्हे, सगळ्या मळ्यातली. विहिरीविहिरींवरची मोटारींची घरघर एकदम थांबली. मशीनचं बटण तसंच दाबलेलं राहिलं होतं, पण चहाच्या नादात ते कुणी पाहिलं नाही. थोड्या वेळानं लाईट आली, आणि मशीन जे गर्जना करून उठलं, की सहादेवच्या हातची बशी खाली पडली.

"बगा! कंडेन्सर!" शांतवन ओरडला आणि मशीनच्या पुढ्यात छाती काढून उभा राहिला. तेवढ्यात जाळीत बसलेली दृष्टीची राख भसकन बाहेर आली. काळा चेहरा आणि पांढरे दात एवढाच शांतवन शिल्लक राहिला. पण राखेमागून हवा आली ती कशी! गार, थंडगार, पौषातल्या पहाटेसारखी. केशरबाई हळदकुंकवाचा करंडा आणायला धावली. सहादेवनं डोळे मिटून हात पसरले.

डोळे उघडले तेव्हा त्याला बाजूच्या खिडकीच्या काचेतून बन्सी दिसला. बन्सी रमतगमत आपल्या विहिरीवर गेला आणि त्यानं स्टार्टर दाबला. बन्सीची मोटार सुरू झाली, इकडं मशीनचा आवाज बसला. मग पलीकडून गोजराबाई लुगड्याचा काष्टा सावरत आपल्या विहिरीवर गेली. तिची मोटार सुरू झाली, आणि मशीननं "हूं… टक्" करून मान टाकली.

सहादेवच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घराची आणि ह्या दोन विहिरींची लाईट एकाच तारेवर. एकदा लाईट जाऊन आली की मोटारी आपल्या आपण सुरू होत नाहीत, मालकाला जाऊन स्टार्टर दाबावा लागतो. तेवढा वेळ सगळी लाईट मशीनला मिळाली होती.

"आरं तिच्या!" तो म्हणाला. "मशीन बसवलं तवा सगळा मळा लोनीला लग्नाला गेल्ता! ह्या दोन मोटारी बंद ऱ्हायल्या तर मशीन पळतंय!"

"मी तेच म्हनत हुतो," तोंडावरची राख पुसत शांतवन म्हणाला.

पण मोटारी बंद ठेवायच्या कुणी? दुष्काळानं विहिरींचं पाणी आधीच तळाला गेलेलं, जो तो आपापल्या जनावरांच्या कडवळाला ओल मिळावी म्हणून धडपडत होता. आणि त्यातली एक मोटार बन्सीची. सहादेवनं अंगणाबाहेर दोनदा पाय पुढं टाकला आणि दोनदा मागं घेतला. केशरबाई ओसरीतून बघत होती. तिनं पुन्हा डोळ्याला पदर लावला. तो तडक बांध ओलांडून बन्सीच्या म्हशीपुढं जाऊन उभा राहिला.

"म्हशे, सांग त्याला. उद्या जावई यायचंत. जावई हाय तवर दिवसाची मोटार बंद ठिव म्हनावं. रातीला भिजव, मी सोता पान्याची दारं धरीन."

बन्सी वैरण टाकत होता. त्यानं मान वर केली नाही.

"म्हशे, त्याला इचार, चांगुणाच्या लग्नात माझा फेटा कुटं गेल्ता?"

"चुकी झाली म्हनावं."

"म्हशे, म्हनावं, चुकी डोक्यावर बांधता येत न्हाई."

सहादेवनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "उद्या बांधतो म्हनावं."

"कोनाम्होरं?"

"जावयाम्होरं. पाटावर बसवून, कुकू लावून."

बन्सीनं हातातली पेंढी खाली टाकली. लग्नापासून पहिल्यांदाच त्यानं सहादेवच्या तोंडाकडं सरळ पाहिलं आणि विचारलं, "रंग कोनता?"

"तू म्हनशील त्यो!"

"गुलाबी," बन्सी म्हणाला. "आरं, चांगुणा काय एकट्या तुझी हाय? जावई हाय तवर माझी मोटार रातंदीस बंद. शब्द दिला तुला."

गोजराबाईचं काम त्याहून सोपं आणि त्याहून अवघड निघालं. "मला फेटाबिटा न्हाई पायजे," ती म्हणाली. "मालक गेल्यापास्नं ह्या इहिरीपायी मला दुपारची झोप ठावं न्हाई. मला त्या गार खोलीत निजू दे. रोज. जावई हाय तवर."

"जावयाच्या खोलीत?"

"मी काय त्याला खाती व्हय? कोपऱ्यात पडन."

दुसऱ्या दिवशी गोरक्षराव आले. पाय धुऊन आत शिरले आणि गार हवेचा झोत तोंडावर येताच दारातच थबकले. देवळात शिरताना चपला काढाव्यात तशी त्यांनी टोपी काढली. "मामा! आमच्या साहेबाच्या केबिनमध्येसुद्धा असं नाही हो!" म्हणाले, आणि मशीनसमोरच्या गादीवर मांडी ठोकून बसले. तिथंच त्यांना ओवाळलं, तिथंच ताट वाढलं. त्यांच्यासमोर बन्सीला पाटावर बसवून गुलाबी फेटा बांधला. कोपऱ्यात गोजराबाई धोंड्याचं पुरण खाऊन घोरू लागली. चांगुणा आईच्या मागंमागं चुलीपाशी घुटमळत होती. किती बोलू आणि किती नको असं तिला झालं होतं, आणि किती दिवस मिळणार तेच ठाऊक नव्हतं.

जेवणं झाल्यावर सहादेवनं हात जोडले. "जावईबापू, येकच मागनं हाय. लेकीला म्हैनाभर ठिवा हितं."

केशरबाईनं दाराच्या फटीला कान लावला.

"राहू द्या की, मामा!" गोरक्षरावांनी ढेकर दिली. "आनंदानं राहू द्या. माझा शब्द आहे."

"ऐकलं का समद्यांनी?" फेटा सावरत बन्सी म्हणाला. केशरबाई आत जाऊन घळाघळा रडली, आणि रडत रडतच कुरडयांचा चीक शिजवायला भांडं शोधू लागली.

"आणि मामा," गोरक्षराव उशीवर रेलत म्हणाले, "मीही रजा वाढवून घेतो म्हणतो. आमच्या चाळीत दुपारी भिंतीला हात लावला तर पोळतो. मलाही जरा माहेरपण होऊ द्या!"

सहादेव हसला. हसण्यासारखंच होतं ते, तेव्हा.

मग जे सुरू झालं त्याला माहेरपण म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. गोरक्षराव त्या खोलीतून बाहेर येईनात. दार उघडलं की गारवा जातो, म्हणून दार लावलेलं, आणि दाराआडून दर थोड्या वेळानं हाक. "चांगुणा, चहा आण." "चांगुणा, पाणी आण." "चांगुणा, गार वाटतंय, पांघरूण आण." कुरडयांचा चीक पातेल्यात आंबून गेला. पोरीनं आईशी एक गोष्ट सुरू करावी, "मग काय झालं, आई," म्हणावं, तोच हाक. शेजारच्या मैत्रिणी येऊन दारातून परत गेल्या. घरात मुक्कामाला नारायण असल्यावर साधी भाजीभाकरी कशी वाढणार? केशरबाई रोज पुरण वाटत होती, आणि वाटता वाटता तिच्या तोंडून आता अभंग येत नव्हते, दुसरंच काही येत होतं.

एक दिवस चांगुणा चहाचा कप घेऊन जाता जाता माजघरात थांबली आणि म्हणाली, "आण्णा, मुंबईत ते दिसभर हापिसात तरी असत्यात."

बस्स, एवढंच म्हणाली. पण ते ऐकून सहादेवच्या काळजाला घरं पडली. इतका आटापिटा करून आपण लेकीला माहेरी आणलं आणि सासरच्यापेक्षा जास्त जुंपलं, ह्याची त्याला मनस्वी लाज वाटली. त्यानं पायात वहाणा घातल्या आणि बन्सीला गाठलं.

"बन्सी, मोटार चालू कर बाबा."

"का रं?"

"मशीन बंद पडू दे. जावई जाऊ दे."

बन्सीनं कानावर हात ठेवले. झोपतानासुद्धा तो फेटा उशाशी ठेवायचा. "आसं कसं? पाटावर बसवून मान दिलास तू मला. जावई हाय तवर मोटार बंद, शब्द म्हंजे शब्द. मोटारीला हात लावला तर ह्या फेट्याची काय किंमत ऱ्हायली?"

"आरं, तुझं कडवळ वाळंल!"

"वाळू दे. अन् आता मी जरा तुझ्याकडंच निगालो. दुपार झाली. गार वाटतं तिथं."

गोजराबाईनं तर त्याला दारातच अडवलं. "खबरदार मोटारीचं नाव काडशील तर! इतक्या वर्सांनी झोप लागाय लागली मला." आणि ती उशी काखेत मारून, त्याच्याच घराकडं, त्याच्या पुढं चालू लागली.

त्या दुपारी खोलीत दाटी झाली होती. गादीवर गोरक्षराव, त्यांच्या पायथ्याशी फेट्यासकट बन्सी, कोपऱ्यात गोजराबाई आणि दाराला पाठ लावून शांतवन. मशीनची चौकशी करायला म्हणून तोही हल्ली रोज दुपारी येत असे. सगळे सुरात घोरत होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं. सहादेव ओसरीत डोक्याला हात लावून बसला होता. चांगुणा त्याच्यासमोरून गेली. तिच्या हातात ना चहा होता ना पाणी. ती अंगण ओलांडून, बांध ओलांडून, अनवाणी, तरातरा बन्सीच्या विहिरीकडं निघाली. सहादेवनं तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि मुकाट्यानं मिटलं.

खट्. बन्सीची मोटार घरघरली. चांगुणा तिथं थांबली नाही. ती पुढच्या विहिरीवर गेली. खट्. गोजराबाईची मोटार सुरू झाली.

खोलीत मशीननं "हूं…" केलं आणि "टक्" करून जीव सोडला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एकेक घोरणं थांबलं, आणि खिडक्या-दारं बंद असलेल्या, जितीजागती चार माणसं कोंबलेल्या त्या खोलीत वैशाख शिरला. आधी शांतवन बाहेर पडला, मग गोजराबाई, मग फेटा सुटलेला बन्सी.

"माझी मोटार! कोन चालू केली माझी मोटार?"

तो विहिरीकडं धावला. विहिरीचं पाणी जिथं धबाधबा पडतं त्या थारोळ्यात परत येऊन चांगुणा गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसली होती. तोंडावर पाण्याचा सपकारा मारून घेत होती आणि लहानपणी हसायची तशी हसत होती. बन्सीनं स्टार्टरकडं नेलेला हात मागं घेतला. कपाळावरचा घाम पुसत तो परत आला.

"मी शब्द मोडला न्हाई हां, सहादेव," तो म्हणाला. "लेकीनं केली चालू. लेकीला कोन अडवनार?"

"चांगुणा!" ओसरीत येऊन गोरक्षराव ओरडले. बनियन अंगाला चिकटलेलं, कपाळावर घामाच्या धारा. "चांगुणा, अगं मशीन बंद पडलं! पंखा आण!"

मोटारीच्या आणि पाण्याच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही. निदान तिनं मान तरी वळवली नाही.

"आता कधी चालू होईल, मामा?"

"आता काय सांगता येत न्हाई, जावईबापू," सहादेव शक्य तितक्या दुःखी चेहऱ्यानं म्हणाला. "पान्याची पाळी सुरू झाली. आता मोटारी पाऊस पडंस्तवर थांबायच्या न्हाईत."

गोरक्षरावांनी आकाशाकडं पाहिलं. तिथं ढगाचं नाव नव्हतं. त्यांनी मानेवरचं घामोळं खाजवलं, पुन्हा खाजवलं, आणि विचारलं, "दुपारची एसटी किती वाजता असते हो?"

"आत्ताच निगाला तर गावंल," केशरबाई आतून म्हणाली. त्यांची पिशवी तिनं भरून दारात आणूनसुद्धा ठेवली होती.

"पण चांगुणा…"

"शब्द दिलाय न्हवं, पाव्हनं?" बन्सीनं फेटा पुन्हा बांधत विचारलं. गोरक्षराव पडले जावई. चार माणसांत दिलेला शब्द त्यांना गिळता येईना. पिशवीत अनारसे वरपर्यंत भरलेले आहेत, हे बघून त्यांनी खानावळीचं दुःख तूर्त बाजूला ठेवलं.

सहादेव त्यांना स्टँडवर पोचवून, एसटीत बसवून, एसटी नजरेआड होईपर्यंत हात हलवून घरी आला. पुढची खोली भट्टीसारखी तापलेली होती आणि रिकामी होती. तो माजघरात गेला. तिथं केशरबाई पाय पसरून जमिनीवर बसली होती, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून चांगुणा गाढ झोपली होती. कपाळाला केस चिकटलेले, गळ्याशी घाम, ओल्या लुगड्याची कड अजून टपकत होती. आल्यापासून पोर पहिल्यांदाच निवांत झोपली होती.

एवढ्या उकाड्यात पोर कशी निजली आहे, असं सहादेवच्या मनात आलं. तो खाली वाकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बन्सीला सांगून घटकाभर मोटारी बंद करू का? मशीन लावतो. पोरीला गार वाटंल."

केशरबाईनं असे डोळे वटारले की तो तसाच दोन पावलं मागं सरला. मग ती लेकीच्या कपाळावरचे केस बाजूला करून पदरानं वारा घालत राहिली.